ओळीच्या पिकांतील फवारणीसाठी जीपीएस लाइटबार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाइटबार म्हणजे नेमके काय आणि तो कोणते काम करत नाही?

लाइटबार ही चालकासमोर, काचेच्या वरच्या किंवा खालच्या कडेला बसवलेली दिव्यांची आडवी पट्टी असते. तिच्या मध्यभागी सहसा हिरवा दिवा आणि दोन्ही बाजूंना लाल दिवे असतात. ठरवलेल्या रेषेपासून ट्रॅक्टर किंवा स्वतःच्या इंजिनावर चालणारे फवारणी यंत्र कोणत्या बाजूला आणि किती सरकले आहे, हे किती दिवे लागले त्यावरून कळते. अनेक उपकरणांत त्याशेजारी सेंटिमीटरमधील आकडाही दिसतो. आतला रिसीव्हर उपग्रहांच्या संदेशांवरून अँटेनाचे स्थान काढतो, पहिल्या रेषेला समांतर अशा रेषा बूमच्या, म्हणजे नोझल बसवलेल्या आडव्या दांड्याच्या, रुंदीइतक्या अंतरावर आखतो आणि सध्याची फेरी त्यांपैकी जवळच्या रेषेशी ताडून पाहतो.

तो सुकाणू फिरवत नाही, नोझल उघडत-मिटवत नाही आणि पीक तर त्याला मुळीच दिसत नाही. या तिसऱ्या गोष्टीचा विसर पडला की ओळीच्या पिकात नुकसान होते, म्हणून पुढची बरीचशी उत्तरे तिच्याभोवती फिरतात.

पिकाच्या ओळी डोळ्यांना दिसत असताना लाइटबार कशाला हवा?

पेरणीनंतर लगेच उगवणपूर्व तणनाशक फवारायचे असेल, तर ओळी अजून दिसतच नाहीत. अशा उघड्या जमिनीवर लाइटबारचा उपयोग सर्वांत सरळ आणि सर्वांत मोठा आहे. दोन फेऱ्यांमध्ये एक हात जागा राहून गेली, तर तेवढाच तणाचा पट्टा हंगामभर दिसत राहतो. पट्टे एकमेकांवर चढले, तर त्या जागी मात्रा दुप्पट होते आणि काही तणनाशकांमुळे तिथले रोप पिवळे पडते किंवा खुंटते.

उभ्या पिकात प्रश्न वेगळा असतो. तिथे ओळ दिसते, पण नेमकी कोणती ओळ पकडायची हे दिसत नाही. १६ ओळींचा बूम असेल, तर शेताच्या टोकाला वळून परत शिरताना १६ ओळी मोजाव्या लागतात. बूम २४ ओळींचा असेल, तर २४ मोजाव्या लागतात, त्याही चालत्या यंत्रातून, आडव्या वळणपट्ट्यातील पिकावरून आणि काचेवर धूळ असताना. कोवळ्या पिकात मागच्या चाकांचा माग दिसतो, म्हणून काम निभते. पीक कमरेएवढे होऊन पानांनी जमीन झाकली, की तो मागही दिसेनासा होतो. एका ओळीची चूक झाली तर एक ओळ कोरी राहते किंवा दुबार फवारली जाते आणि ती चूक लक्षात येईपर्यंत यंत्र दुसऱ्या टोकाला पोचलेले असते.

मग उभ्या पिकात सुकाणू दिव्यांकडे पाहून धरायचे की ओळीकडे पाहून?

ओळीत शिरेपर्यंत दिव्यांकडे पाहावे आणि शिरल्यावर ओळीकडे. उभ्या पिकातील लाइटबारचा योग्य वापर या एका वाक्यात येतो आणि आमच्या मते त्याला अपवाद फार थोडे आहेत.

वळण घेताना दिव्यांवर नजर ठेवून यंत्र पुढच्या रेषेच्या जवळ आणावे. हिरवा दिवा किंवा त्याच्या शेजारचा एखादा दिवा लागला, की पुढची चाके ज्या दोन ओळींमधून जाणार त्यांवर नजर न्यावी. पहिल्या तीन-चार मीटरांत वेग कमी ठेवावा, कारण नेमक्या याच जागी पुढच्या चाकाच्या आतल्या कडेला रोपे लागतात आणि वळताना मागचे चाक पुढच्यापेक्षा थोडे आतून जाते. चाके मोकळ्या जागेत स्थिरावली, की दिव्यांकडे दुर्लक्ष करावे. पेरणी जिथे वाकडी झाली आहे तिथे दिवे डावी-उजवी दाखवत राहतील, पण रोपे जिथे उगवली आहेत तिथेच ओळ आहे. दिव्यांचे ऐकून सुकाणू वळवले तर चाक पिकावर चढेल.

पेरणीच्या वेळी अतिअचूक आरटीके पद्धतीने रेषा आखलेल्या असतील, त्याच रेषा फवारणी यंत्राच्या उपकरणात घेतल्या असतील आणि तिथेही तीच अचूकता उपलब्ध असेल, तर दिवे आणि ओळी जुळून येतात. तरीही हाताने सुकाणू धरणाऱ्याने ओळीवरून नजर काढू नये. संदेश कितीही अचूक असला, तरी दिवा पाहून हात हलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात यंत्र पुढे गेलेले असते.

किती अचूकता पुरेशी आहे?

याचे उत्तर ओळींमधील अंतरावर अवलंबून आहे. योग्य ओळ निवडण्यासाठी रिसीव्हरची चूक ओळींमधील अंतराच्या निम्म्याहून कमी असायला हवी. ओळी ७५ सेंटिमीटरवर असतील, तर ती सीमा सुमारे ३७ सेंटिमीटर येते. ओळी ४५ सेंटिमीटरवर असतील, तर ती २२ सेंटिमीटरवर येते आणि काम बरेच नाजूक होते.

स्थानातील चूक कमी करण्यासाठी उपग्रहांवरून मोफत मिळणाऱ्या दुरुस्ती संदेशांवर, म्हणजे उत्तर अमेरिकेत वास, युरोपात एग्नोस, भारतात गगन, जपानमध्ये एमसास यांसारख्या सेवांवर, शेतीसाठी बनवलेला चांगला रिसीव्हर एका फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंत साधारण १५ ते ३० सेंटिमीटरची अचूकता देतो. रुंद ओळींच्या पिकात ओळ निवडायला तेवढी पुरते, अरुंद ओळींत कधी पुरते, कधी नाही. सशुल्क उपग्रह दुरुस्ती सेवा त्याहून बारीक अचूकता देतात, पण सुरू केल्यावर पूर्ण अचूकतेला पोचायला त्यांना काही मिनिटांपासून अर्धा तासही लागू शकतो, म्हणून टाकीत पाणी भरण्यापूर्वीच उपकरण सुरू करून ठेवणे शहाणपणाचे. आरटीके पद्धतीत जवळच्या स्थिर तळकेंद्राकडून दुरुस्ती मिळते आणि चूक दोन-तीन सेंटिमीटरांत राहते. तळकेंद्रापासूनचे अंतर वाढले, की दर किलोमीटरमागे सुमारे एक मिलिमीटरची भर पडते.

जाहिरातीतील अचूकतेचा आकडा वाचताना तो कशाचा आहे, हे पाहावे. ‘फेरी ते फेरी’ अचूकता साधारणपणे १५ मिनिटांच्या आत त्याच जागी परतल्यावर किती फरक पडतो, ते सांगते. तासाभराने, दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या फवारणीला परत आल्यावर किती फरक पडेल, हा वेगळा आकडा असतो आणि मोफत सेवांवर तो एक मीटरच्या आसपासही जाऊ शकतो. आज जतन केलेल्या रेषेवर तीन आठवड्यांनी डोळे मिटून विसंबायचे असेल, तर आरटीके किंवा तितकीच अचूक सशुल्क सेवा हवी. नाहीतर दर फवारणीला पहिल्या फेरीवर रेषा नव्याने बसवून घ्यावी लागते आणि ते काम अर्ध्या मिनिटाचे आहे.

मोबाइलमधील जीपीएसवर भागते का?

ओळीच्या पिकात भागत नाही. मोबाइलच्या आतल्या रिसीव्हरची चूक मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर असते, म्हणजे चार-पाच ओळींचा घोळ सहज होतो. मोबाइल किंवा टॅब्लेटचा पडदा म्हणून वापर करून बाहेरचा चांगला रिसीव्हर आणि छतावरचा अँटेना जोडला, तर गोष्ट वेगळी. अॅगओपनजीपीएस नावाची मुक्त संगणकप्रणाली संगणक किंवा टॅब्लेटच्या पडद्यावर अशा बाह्य रिसीव्हरच्या जोरावर चालते आणि जोडणी स्वतः करण्याची तयारी असलेल्यांना ती चांगले काम देते.

बूमची रुंदी उपकरणात किती भरावी?

सर्वाधिक चुका इथेच होतात. पहिली चूक मोजण्यातील असते. पहिल्या नोझलपासून शेवटच्या नोझलपर्यंत टेप लावला जातो आणि आलेला आकडा भरला जातो. २४ नोझल ५० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर टेपवर साडेअकरा मीटर येतात. परंतु कडेची नोझल आपल्या बाहेरच्या बाजूलाही २५ सेंटिमीटर फवारतात, म्हणून खरी रुंदी नोझलची संख्या गुणिले त्यांच्यातील अंतर, म्हणजे १२ मीटर असते. साडेअकरा भरले, तर प्रत्येक फेरीत अर्धा मीटर दुबार होतो.

दुसरी चूक सवयीची असते. उघड्या जमिनीवर कोरा पट्टा राहू नये म्हणून १२ मीटरच्या बूमला ११.७ मीटर भरणे योग्यच आहे. तीच सवय उभ्या पिकात नेली, तर रेषा प्रत्येक फेरीला ३० सेंटिमीटर सरकते आणि दहा फेऱ्यांनंतर तीन मीटरचा, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या हिशेबाने बरोबर चार ओळींचा फरक पडतो. उभ्या पिकात रुंदी केवळ पूर्ण ओळींत कमी-जास्त करता येते. १६ ओळी गुणिले ७५ सेंटिमीटर म्हणजे १२ मीटर. त्यातली एक ओळ दुबार चालणार असेल, तर ११.२५ मीटर भरावे. मधला आकडा भरण्यात अर्थ नाही, कारण चाकांना ओळींच्या मध्येच जावे लागते.

रुंदी अचूक भरूनही शेताच्या मध्यापर्यंत पोचताना दिवे आणि ओळी जुळेनाशा होतात. असे का?

कारण पेरणी यंत्राच्या दोन फेऱ्यांच्या सांध्यावरचे अंतर क्वचितच ठरल्याप्रमाणे असते. यंत्राच्या आतील ओळी लोखंडी चौकटीने बांधलेल्या असतात, त्यामुळे त्या ७५ सेंटिमीटरवरच पडतात. दोन फेऱ्यांच्या मधली जागा मात्र चालकाच्या अंदाजाने पडते. कुठे ती ६५ असते, कुठे ९०. आठ ओळींच्या यंत्राने पेरताना सांधा दर फेरीला सरासरी पाच सेंटिमीटर मोठा पडत गेला, तर दहा फेऱ्यांनी अर्धा मीटर जमा होतो. उपकरणाला याचा पत्ता नसतो. ते आपल्या १२ मीटरवर ठाम राहते.

यावर उपाय म्हणजे ओळीत नीट शिरल्यावर, दिवे आणि चाके यांत फरक दिसला तर रेषा सरकवण्याचे बटण दाबून ती यंत्राच्या जागेवर आणणे. दर दोन-तीन फेऱ्यांनी हे केले, की चूक साठत नाही. हे बटण कोणते आणि एका दाबाला रेषा किती सरकते, हे शेतात जाण्याआधीच पाहून ठेवावे.

पेरणी यंत्र आणि बूम यांच्या रुंदीचा मेळ कसा असावा?

बूमची रुंदी पेरणी यंत्राच्या रुंदीच्या पूर्ण पटीत असावी, हे सर्वांना माहीत असते. पट सम आहे की विषम, याकडे मात्र कमी लक्ष जाते.

पेरणी सहा मीटरची आणि बूम १८ मीटरचा, म्हणजे तिप्पट असेल, तर बूमचा मध्य पेरणीच्या एका फेरीच्या मध्यावर येतो. ट्रॅक्टरची दोन्ही चाके एकाच पेरणी फेरीच्या आत, बांधलेल्या अंतराच्या ओळींमधून जातात. बूम १२ मीटरचा, म्हणजे दुप्पट असेल आणि फवारणी शेताच्या कडेपासूनच पूर्ण रुंदीने सुरू केली, तर बूमचा मध्य नेमका सांध्यावर येतो. चाकांमधील अंतर दीड मीटर असेल, तर डावे चाक एका फेरीत आणि उजवे चाक दुसऱ्या फेरीत पडते. सांधा ७५ ऐवजी ९० सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक चाक आपल्या जागेच्या मध्यापासून साडेसात सेंटिमीटर आतल्या ओळीकडे जाते. ३० सेंटिमीटर रुंद टायरच्या दोन्ही बाजूंना मुळात साडेबावीस सेंटिमीटरच मोकळे असतात आणि त्यातही पाने पसरलेली असतात. सांधा हंगामभर, दर फवारणीला, तसाच राहतो.

पट सम असेल, तर पहिली फेरी पेरणीच्या पहिल्या फेरीच्या मध्यावरून, बूमचा शेताबाहेर जाणारा भाग बंद ठेवून घेतल्यास पुढच्या सर्व फेऱ्यांचा मध्य पेरणी फेरीच्या मध्यावर येतो. त्यासाठी उपकरणातील पहिली रेषाही तशीच, पेरणीच्या पहिल्या फेरीच्या मध्यावर घ्यावी लागते.

ए-बी रेषा, म्हणजे उपकरणातील पहिली रेषा, कोठे आणि कशी घ्यावी?

शेताच्या ज्या कडेला ओळी सर्वांत सरळ आहेत तिथे. एका टोकाला चाके ओळींमध्ये स्थिर झाल्यावर ए बिंदू नोंदवावा, दुसऱ्या टोकाला, वळण सुरू होण्याआधी, बी बिंदू नोंदवावा. दोन बिंदू जितके दूर, तितकी रेषेची दिशा पक्की. ५० मीटरवर घेतलेल्या रेषेत वीस सेंटिमीटरची चूक झाली, तर ५०० मीटरवर ती दोन मीटर होते.

ओळी वळणदार असतील, तर वक्र रेषेची पद्धत निवडावी. तिचे साधारण दोन प्रकार असतात. एकात सर्व फेऱ्या पहिल्या वळणाची नक्कल करतात, दुसऱ्यात प्रत्येक फेरी मागच्या फेरीच्या प्रत्यक्ष मार्गावरून आखली जाते. ओळीच्या पिकात दुसरा प्रकार अधिक सोयीचा आहे, कारण ओळीत चाललेल्या यंत्राचा खरा मार्गच पुढच्या रेषेला आधार देतो आणि पेरणीतील वाकडेपणा आपोआप पुढे नेला जातो.

अँटेना कोठे बसवावा?

छताच्या नेमक्या मध्यरेषेवर, वर आकाश मोकळे असेल अशा ठिकाणी, फिरता दिवा आणि रेडिओचा अँटेना यांपासून शक्य तितका दूर. छत प्लॅस्टिकचे असेल, तर अँटेनाखाली उत्पादकाने सांगितलेली धातूची चकती ठेवावी. ती परावर्तित संदेश काही प्रमाणात अडवते आणि चुंबकालाही धरायला जागा देते.

मध्यरेषेचा आग्रह उगाच नाही. अँटेना दहा सेंटिमीटर उजवीकडे असेल, तर यंत्र रेषेच्या दहा सेंटिमीटर डावीकडे चालते. जाताना डावी बाजू पश्चिमेला असेल, तर येताना ती पूर्वेला येते. परिणामी एका सांध्यावर वीस सेंटिमीटर कोरे आणि पुढच्या सांध्यावर वीस सेंटिमीटर दुबार, असा क्रम पूर्ण शेतभर चालतो. मागे ओढल्या जाणाऱ्या फवारणी यंत्राच्या बाबतीत हेही लक्षात ठेवावे, की अँटेना ट्रॅक्टरवर आणि बूम त्याच्या कितीतरी मागे असतो, म्हणून वळणावर बूम आतल्या बाजूने कापत जातो.

कोरे आणि दुबार पट्टे पाहून दोष कोठे आहे हे ओळखता येते का?

बहुतेक वेळा येते. एकाआड एक कोरा आणि दुबार सांधा दिसत असेल, तर अँटेना मध्यावर नाही किंवा त्याचे बाजूचे अंतर उपकरणात उलट चिन्हाने भरले आहे. प्रत्येक सांध्यावर सारखाच दुबार किंवा सारखाच कोरा पट्टा असेल, तर भरलेली रुंदी चुकली आहे. सगळे नीट चालले असताना टाकी भरून आल्यावर एकदम एक सांधा बिघडला आणि नंतरचे पुन्हा ठीक आले, तर मधल्या वेळेत स्थान सरकले आहे. ओळखीचा कोणताही नमुना नसेल आणि सांधे कसेही असतील, तर दोष बहुधा चालवण्यात असतो, किंवा दिव्यांची संवेदनशीलता फार तीव्र ठेवलेली असते.

खात्रीसाठी मोकळ्या जमिनीवर साध्या पाण्याने एक रेषा जाऊन त्याच रेषेवर परत यावे आणि चाकांचे माग पाहावेत. दोन्ही माग एकमेकांवर बसले, तर अँटेना मध्यावर आहे.

टाकी भरून परत आल्यावर रेषा सरकलेली का दिसते?

उपग्रह सतत फिरत असतात. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि दिसणाऱ्या उपग्रहांचा संच मिनिटामिनिटाला थोडा बदलतो, तसेच वरच्या वातावरणातून संदेशाला होणारा विलंबही बदलतो. त्यामुळे काढलेले स्थान हळूहळू सरकत जाते. सलग काम करताना दोन शेजारच्या फेऱ्यांत हा फरक जाणवत नाही, पण अर्ध्या तासाच्या खंडानंतर तो एकदम समोर येतो.

म्हणून टाकी रिकामी होते तिथे उपकरणातील ‘थांबलेली जागा’ नोंदवण्याबरोबरच ओळीच्या टोकाला एक काठी किंवा फडके लावावे. परत आल्यावर यंत्र त्या खुणेशी, त्याच ओळींत उभे करावे आणि रेषा तिथे सरकवून घ्यावी. खुणेची काठी जुनाट वाटेल, पण ती उपग्रहांबरोबर सरकत नाही.

दिव्यांमधील अंतर किती ठेवावे? आणि दिव्याच्या दिशेने वळायचे की उलट?

एक दिवा म्हणजे किती सेंटिमीटर, हे बहुतेक उपकरणांत बदलता येते. उघड्या जमिनीवर २० ते ३० सेंटिमीटर ठेवले, तर चालक शांत राहतो. ओळीत शिरताना दहाच्या आसपास ठेवणे बरे. त्याहून कमी ठेवल्यास रिसीव्हरच्या स्वतःच्या चढउतारालाच दिवे नाचू लागतात आणि चालक त्यांच्यामागे सुकाणू हलवत राहतो.

दिशेच्या बाबतीत काही चालकांना पेटलेला दिवा म्हणजे रेषा आणि काहींना तो म्हणजे आपण स्वतः वाटतो. दोन्ही पद्धती उपकरणात मिळतात. मात्र एकाच यंत्रावर दोन चालक असतील, तर दोघांनी मिळून एकच पद्धत ठरवावी.

स्थान सेकंदाला किती वेळा काढले जाते, याने फरक पडतो का?

पडतो. ताशी दहा किलोमीटर वेगाने यंत्र सेकंदाला सुमारे २.८ मीटर पुढे जाते. सेकंदाला एकदाच स्थान काढणाऱ्या रिसीव्हरवर दिवे तेवढ्या मागची गोष्ट सांगतात. सेकंदाला दहा वेळा काढणाऱ्यावर हे अंतर २८ सेंटिमीटरवर येते. लाइटबारसाठी किमान पाच वेळा असावे.

उतारावर दिवे फसवतात का?

होय. अँटेना जमिनीपासून तीन मीटर उंच असेल आणि यंत्र बाजूला पाच अंशांनी कलले असेल, तर अँटेना चाकांच्या मध्यापेक्षा सुमारे २६ सेंटिमीटर उताराकडे असतो. कल मोजून दुरुस्ती करणारा भाग ज्या उपकरणात असतो, ते ही चूक काढून टाकते, पण तो भाग सपाट जागेवर, दोन्ही दिशांना उभे राहून जुळवून घ्यावा लागतो. तशी सोय नसेल, तर उतारावर दिवे ओळ शोधण्यापुरतेच वापरावेत.

वेग लाइटबारवरून घेऊन मात्रेचा हिशेब करावा का?

अवश्य. चाकावरून मोजलेला वेग ओल्या जमिनीत चाक घसरल्यास खोटा ठरतो, उपग्रहावरून मोजलेला वेग प्रत्यक्ष जमिनीवरचा असतो. हेक्टरी लिटर काढण्यासाठी एका नोझलचा मिनिटाला लिटरमधील प्रवाह ६०० ने गुणावा आणि त्याला ताशी किलोमीटरमधील वेग व मीटरमधील नोझल-अंतर यांच्या गुणाकाराने भागावे. मिनिटाला ०.८ लिटर, वेग ताशी ८ किलोमीटर आणि अंतर अर्धा मीटर असेल, तर हेक्टरी १२० लिटर येतात. दाब तोच ठेवून वेग दहावर गेला, तर ९६ लिटरच पडतात, म्हणजे मात्रा पाचव्या हिश्शाने घटते. आपोआप मात्रा राखणारे नियंत्रक नसलेल्या यंत्रावर दिव्यांइतकेच वेगाच्या आकड्याकडेही लक्ष हवे.

पडद्यावर पूर्ण शेत रंगले, म्हणजे फवारणी पूर्ण झाली असे समजावे का?

नाही. नकाशा मुख्य झडप उघडी असताना यंत्र कोठून गेले, एवढेच रंगवतो. एखादे नोझल तुंबले, गाळणी अर्धी बंद झाली, बूमचा एक भाग चालू करायचा राहिला किंवा टाकी ओळीच्या मध्येच संपली, तरी तो रंगवतच राहतो. दर टाकीला उतरून नोझलचे फवारे पाहावेत आणि हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरून मिनिटाचा प्रवाह तपासावा. बूमची उंची, वारा आणि थेंबांचा आकार यांविषयीही लाइटबार काहीच सांगत नाही.

रात्री फवारणी करता येते, म्हणून लाइटबार घ्यावा का?

दिव्यांमुळे रात्री रेषा सापडते हे खरे, पण निरभ्र, वाराहीन रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उबदार थराखाली अडकते. अशा स्थितीत बारीक थेंब खाली न बसता तरंगत दूरवर जातात आणि शेजारच्या पिकाला इजा करतात. अनेक औषधांच्या लेबलवर या स्थितीत फवारणी करण्यास मनाई असते. रेषा सापडली, एवढ्यावरून वेळ योग्य ठरत नाही. पट्टीचे दिवे मात्र रात्री मंद करावेत, नाहीतर त्यांच्या झगमगाटात समोरची ओळ दिसत नाही.

संदेश अचानक खराब होण्याची कारणे कोणती?

नेहमीची कारणे साधी असतात. कडेची उंच झाडे, इमारतींवरून परतणारे संदेश, वायरीचा सैल झालेला सांधा किंवा कापलेले आवरण. जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बेइडू हे उपग्रहही वापरणारा रिसीव्हर झाडांजवळ अधिक टिकून राहतो.

सूर्याचेही कारण असते. मे २०२४ मधील मोठ्या भूचुंबकीय वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत अनेकांची आरटीके मार्गदर्शन यंत्रणा विस्कळीत झाली होती. विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतरच्या काही तासांत वरच्या वातावरणातील अस्थिरतेमुळे संदेश थरथरतो. ते आपल्या हातात नाही, तेव्हा काम थांबवून नंतर सुरू करावे.

जुने उपकरण घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीआकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. असे ६ एप्रिल २०१९ रोजी झाले, तेव्हा अद्ययावत न केलेल्या काही जुन्या रिसीव्हरांच्या तारखा बिघडल्या. वापरलेले उपकरण घेताना ते सुरू करून तारीख आणि दुरुस्ती संदेश दोन्ही येतात का, हे मोकळ्या आकाशाखाली पाहावे.

फोम मार्कर (फेरीच्या कडेला फेसाची खूण टाकणारे साधन) आहे. तो काढून टाकावा का?

उघड्या जमिनीवर लाइटबार सरस आहे, कारण फेस उन्हात विरतो आणि रात्री दिसत नाही. दाट पिकात तो पानांखाली पडतो, म्हणून तिथेही त्याचा उपयोग कमीच. तरी संदेश जातो त्या दिवशी कामी येतो, म्हणून चालू असेल तर राहू द्यावा.

फक्त ओळीवर पट्टा फवारायचा असेल, तर लाइटबार पुरेल का?

नाही. अशा फवारणीत नोझल ओळीच्या बरोबर वर राहावे लागते आणि दहा सेंटिमीटरची चूकही पट्टा ओळीबाहेर नेते. पेरणी करतानाच पेरणी यंत्रावर नोझल बसवून पट्टा फवारणे हा त्यातला सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण तिथे नोझल आणि ओळ एकाच चौकटीवर असतात. उभ्या पिकात करायची असेल, तर ओळ चाचपणारे दांडे किंवा कॅमेरा असलेले मार्गदर्शन लागते. स्वयंचलित सुकाणूही आरटीके आणि त्याच रेषांवरची पेरणी असेल तरच इथे उपयोगी पडतो.

नवीन चालकाला लाइटबार शिकवायला कोठून सुरुवात करावी?

पीक नसलेल्या शेतात, टाकीत साधे पाणी घेऊन. आधी दिव्यांकडे सतत टक लावून पाहण्याची सवय मोडावी लागते. नजर पुढे दूरच्या एखाद्या खुणेवर ठेवून दिवे डोळ्यांच्या कडेने पाहायला सांगावे, कारण जवळ पाहणारा चालक नागमोडी जातो. एक दिवा लागला तर सुकाणूला किंचित स्पर्श करून थांबावे आणि यंत्राने उत्तर देईपर्यंत पुन्हा हलवू नये. सरळ रेषा जमली, की वळून पुढच्या रेषेवर यायचा सराव द्यावा, आणि तो जमल्यावरच ओळींमध्ये, तेही रुंद अंतराच्या आणि गुडघ्याखालच्या पिकात, न्यावे.